पिवळ्या झग्याला हाक

एक होता वाटाड्या, एक होती त्याची बायको, आणि दोघांच्या मध्ये झोपणारी एक लेक. लेकीला घरात खारू म्हणायचे, कारण खारीसारखी ती एका जागी म्हणून ठरायची नाही. तिघं राहायची एका मोठ्या बागेच्या फाटकाजवळ, दोन खोल्यांत. खोल्या बागेच्या. नोकरी आहे तोवर आपल्या म्हणायच्या, एवढंच.

त्या बागेत लोक सहलीला यायचे. तळ्यात पायाने चालवायच्या नावा होत्या, पोरांसाठी छोटी आगगाडी होती, झोपाळे होते. पण खरी झुंबड भूलभुलैयावर. पुरुषभर उंचीपेक्षाही वर गेलेल्या दाट झुडपांच्या भिंती, आणि त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या वाटा. लोक हसत आत शिरायचे आणि थोड्या वेळाने रडकुंडीला यायचे. मग वाटाड्याचं काम सुरू. कडेला एक उंच लाकडी माचाण होतं, त्यावर बसून तो ओरडायचा, "निळा सदरा, उजवीकडे! लाल छत्री, मागे फिरा! टोपीवाले आजोबा, झुडपातून घुसू नका, बाहेर काढीन मी तुम्हाला!"

माचाणावरून कुणाला नावाने हाक मारायची नाही, अशी तिथली रीत. वरून कपडे दिसतात, नावं कुठे दिसतात, म्हणून असेल. पण आधीच्या म्हाताऱ्या वाटाड्याने ही रीत याला सांगितली, तेव्हा इकडेतिकडे बघून, अगदी हळू आवाजात सांगितली होती.

ओरडून ओरडून वाटाड्याचा घसा बसला, तो उठेचना. डॉक्टर म्हणाले, "तोंड मिटून राहा. कित्येक महिने. मध्येच ओरडलात तर उरलासुरलाही जाईल, कायमचा."

बागेचे साहेब वाईट नव्हते, पण म्हणाले, "मुका वाटाड्या ठेवून मी काय करू, बाई? खोल्या रिकाम्या कराव्या लागतील."

बायको म्हणाली, "मी चढते वर. हे काठीने वाट दाखवतील, मी ओरडेन. माझ्या आवाजाला काही कमी नाही, विचारा यांना."

वाटाड्याने इतक्या जोरात मान हलवली की साहेबांना हसू आलं. "बघू या," म्हणाले.

सुट्टीचा दिवस आला. फाटकाशी बसगाड्यांची रांग. बायको माचाणावर, शेजारी नवरा काठी घेऊन. पण त्याची काठी कळेपर्यंत माणसं पुढे गेलेली असायची. "हिरवा सदरा, डावीकडे... अहो तुम्ही नाही, ते दुसरे! नाही, नाही, थांबा!" आत माणसं माणसांवर आदळायला लागली. लेकरं भोकाड पसरायला लागली. खाली साहेब कमरेवर हात ठेवून उभे. झालं, बायकोच्या मनात आलं, गेल्या खोल्या.

तेवढ्यात भूलभुलैयाच्या मधोमधून आवाज आला. "हिरवा सदरा, उजवीकडे."

खणखणीत, पूर्वीसारखा. तिच्या नवऱ्याचा आवाज.

तिने शेजारी पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले. हातातली काठी गळून खाली पडली.

एकेक करून माणसं बाहेर आली. "वाटाडे, आवाज सुटला की तुमचा!" म्हणत हात हलवून गेली. साहेबही निघून गेले. बायको काय बोलणार? डोक्यावरचं छप्पर वाचलं होतं.  

मग रोजचंच झालं. ती वर बसून नुसते ओठ हलवायची, आणि वाट दाखवायचा तो आतला. चुकायचा नाही कधी. एकदा बाग बंद होती त्या दिवशी ती कपडे वाळत घालत होती. माणूस काणूस नाही. आणि आतून सावकाश, समजूत घातल्यासारखी हाक आली. "राखाडी शाल, डावीकडे... अजून डावीकडे..." तिने माचाणावर चढून पाहिलं. वाटा रिकाम्या. फक्त एका वाटेवरचा पाचोळा बाजूला सरकत होता, कुणाची तरी शाल मागे घासत जावी तसा. ती खाली उतरली आणि राहिलेले कपडे वाळत घातले. 

इकडे खारूचं डोकं चालू. "आई, बाबा तिथे बोलतात. मग घरी का नाही बोलत?"

"ते बाबा नाहीत."

"बाबांचा आवाज मला ओळखू येत नाही होय?"

"तिकडे फिरकायचं नाही. पाय मोडून ठेवीन."

असं म्हटल्यावर लेकरू थांबतं होय? आणि बापाच्या आवाजाला ते किती दिवसांचं भुकेलेलं!

एका संध्याकाळी, सहलीच्या गाड्या गेल्यावर, बायको चुलीशी होती. बाहेर अजून चांगला उजेड होता. तेव्हा ऐकू आलं.

"पिवळा झगा, सरळ ये."

खारूच्या अंगात पिवळा झगा होता. आईने स्वतःच सकाळी तिला घातला होता.

भांडं तसंच टाकून ती धावली. नवराही धावला. दोघं माचाणावर चढली तर पिवळा झगा पार आत, हसत पळतोय. आणि वाटाड्याने बायकोचा दंड घट्ट धरला. लेक ज्या दिशेने पळत होती तिथे कधीच वाट नव्हती. तिथे झुडपांची भिंत होती. आज तिथे तोंड उघडलं होतं. सगळीकडे उजेड, तेवढ्याच जागी काळोख. नुकत्याच खणलेल्या मातीचा ओला वास वरपर्यंत येत होता.

"पिवळा झगा, मागे फिर!" बायको सवयीने ओरडली.

"पिवळा झगा, सरळ," आतला म्हणाला. "आई रागावलीय. ये लवकर..."

पोर आणखी जोरात पळायला लागली.

वाटाड्या उठला. त्याच्या मनात काय आलं ते बायकोने ओळखलं. तिचा हात त्याच्या तोंडावर गेला, डॉक्टरांचं बोलणं आठवून. मग तिनेच तो काढून घेतला.

"खारूऽऽ!"

फाटका, घोगरा, ऐकवणार नाही असा आवाज. पण खारू थबकली.

"बाबा?"

"पिवळा झगा..." आतला म्हणाला. "पिवळा झगा..." त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. या घरातलं नाव त्याला कुणी दिलं नव्हतं.

"खारू, बाळा, इकडे ये. डावीकडे... खारू, आता उजवीकडे..." एकेक हाक पहिलीपेक्षा बारीक होत गेली. शेवटची तर नुसता श्वास. तोवर पिवळा झगा बाहेर आला होता. बापाने तिला उचललं, काही बोलायला तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. पुन्हा कधीच आलं नाही.

त्यानंतर भूलभुलैयातला तो खणखणीत आवाज बंद झाला. बायको जिद्दीची. नवऱ्याबरोबर रोज पहाटे चालून तिने सगळ्या वाटा पाठ केल्या, आणि अशी ओरडायला लागली की तळ्यातल्या नावासुद्धा वळायच्या. साहेबांनी नोकरी तिच्या नावाने पक्की केली. खोल्या कायमच्या त्यांच्या झाल्या, वर तिसरी बांधून मिळाली. वाटाड्याने कात्री हातात घेतली, झुडपांचे हत्ती केले, मोर केले, ते बघायला लांबून सहली यायला लागल्या. खारू शिकली, मोठी झाली, कमावती झाली. हवं होतं ते सगळं त्या घरात आलं.

फक्त त्या घरात लेकीला कुणी नावाने हाक मारत नाही. "ए जांभळा स्वेटर, जेवायला चल," आई म्हणते. पाहुणे हसतात.

कारण संध्याकाळी शेवटची गाडी गेली, फाटक लागलं, की झुडपांतून हाक येते. फाटकी, घोगरी, जीव तोडून मारलेली. "खारू... बाळा, इकडे ये..."

बाप उठतो आणि खिडकी लावून घेतो. आपला आवाज त्याला ओळखू येतो.