हार माघारी नेत नाहीत

विकास सोसायटीचा सभासद वारला की त्याच्या अंगावर पहिला हार कुणाचा पडतो, यावर खडकवस्तीत माणसाची पत ठरे. बद्रीनाथला हे पक्कं ठाऊक होतं. चेअरमनकीची निवडणूक आठ दिवसांवर आली होती आणि वस्तीतली एक्केचाळीस घरं ज्याच्या बाजूला, तोच चेअरमन. म्हणून धोंडीराम आबा गेल्याचा फोन येताच गडी तडक गेवराईला सुटला. असल्या दुष्काळात झेंडू मिळणं म्हणजे देव भेटणं. पण मुनव्वर फुलाऱ्याकडं नेमकी एका हारापुरती फुलं उरली होती. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची पट्टी लावलेला हार गाडीला अडकवताना बद्रीनाथचा आनंद गगनात मावेना. आपण मयताला चाललोय, हे त्याला दोनदा स्वतःला बजावावं लागलं.

वस्तीवर पोचतो तर आबा ओट्यावर चहा पीत बसलेले!

"गेलतो बाबा, घटकाभर," आबा म्हणाले. "तिकडं लई पाणी हाय."

सगळे हसले. बद्रीनाथही हसला, पण हातातला हार कुठं लपवावा ते त्याला कळेना.

त्याची आई तुळजाबाई तिथंच बसली होती. ती काही हसली नाही. "मयताचा हार माघारी नेत न्हाईत. घरात तर न्हाईच न्हाई. पाण्यात सोड."

"पाणी हाय कुठं, आई?"

नदीत वाळू उडत होती, टँकर चौथ्या दिवशी यायचा. शेवटी वैतागून त्यानं हार सोसायटीच्या विहिरीत भिरकावला. दोन वर्षं तिच्या तळाला नुसते दगड होते.

डुबुक.

बद्रीनाथ काठावर पालथा पडून बघू लागला. पाणी! आणि ते वर चढत होतं. त्याच्या आरोळीनं वस्ती लोटली. घागरी आल्या, कळशा आल्या, बाया एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत हसत-रडत होत्या. पाणी थंडगार, गोड, किंचित झेंडूच्या वासाचं. पहिला तांब्या तुळजाबाईला मिळाला. समोरच्या पॅनेलचा बबनरावसुद्धा ओरडला, "आता चेअरमन बद्रीनाथच बे!"

आबांनी मात्र ओंजळ भरून नुसती हुंगली आणि सोडून दिली. "हेच की ते, तिकडलं," एवढंच म्हणून ते घरात गेले.

हार कुठंच तरंगताना दिसला नाही. पण त्या गर्दीत हाराची कुणाला पडली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनव्वरचा टेम्पो बद्रीनाथच्या दारात थांबला. आत झेंडूच झेंडू. बद्रीनाथ लाजला. निकालाआधीच सत्काराचे हार! कुणी धाडले असतील?

मग त्याला पट्ट्या दिसल्या.

सगळ्या हारांवर तीच पट्टी होती.

"कुणी सांगितले हे?"

"तुमीच की," मुनव्वर म्हणाला. "पहाटं आलतात. फुलंबी तुमीच आणून ठिवलीत. कपडे निथळत हुते. बोलला न्हाई, नुसता आकडा बोटांनी दावला."

बद्रीनाथ रात्रभर घरातच झोपला होता.

"बेचाळीस हाईत, मोजून घ्या," मुनव्वर म्हणाला. "पण घरं तर एक्केचाळीस. वरचा एक कावून, सायेब?"

तेवढ्यात तुळजाबाई विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. दारी आलेल्याला तहानलेलं ठेवायची तिची रीत नव्हती.

"उन्हाचा आलास बाबा. घे."

तांब्या अडवायला बद्रीनाथनं हात पुढं केला.

तोवर मुनव्वरनं तांब्या एका दमात रिकामा केला.

"लई गोड हाय," तो म्हणाला, आणि तोंड पुसून हार उतरवायला लागला.