यादीतल्या खालच्या ओळी

भंडाऱ्याच्या बसस्थानकासमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगची पिन बसवणं, बंद पडलेल्या फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकणं, हे दिवसभर चालतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की शटर अर्धं खाली ओढून मी व्हिडिओ करतो. कोणता फोन कधी येणार, नव्या अपडेटमध्ये काय मिळणार, कोणाच्या फोनला मिळणार आणि कोणाच्या नाही, हे मराठीत सांगणारं माझं चॅनल आहे. जिल्ह्यात असं चॅनल पहिल्यांदा मी सुरू केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण आता ते कोणी मानत नाही.

लोक मनीषचं नाव घेतात.

मनीष करडीचा. दोन वर्षं माझ्या दुकानात बसून काम शिकला. कोणता स्क्रू कुठे ठेवायचा इथपासून कॅमेऱ्यासमोर कसं बोलायचं इथपर्यंत सगळं मी शिकवलं. मग आई घरी एकटी असते म्हणून तो गावी गेला आणि तिथून स्वतःचं चॅनल काढलं. मागे धानाची पोती, मधूनच ओरडणारी कोंबडी, उजेडही धड नाही. पहिले चार व्हिडिओ पाहून मी हसलो होतो.

सहा महिन्यांत त्याला पाहणारे माझ्या दहापट झाले.

येणाऱ्या अपडेटचे अंदाज आम्ही सगळेच बांधतो. इकडून तिकडून बातम्या वाचायच्या आणि दहातले चार खरे निघाले तरी छाती फुगवायची. मनीषचे दहाच्या दहा खरे निघत, तेही आठ दिवस आधी. एकदा एका कंपनीने जाहीर केलेली सोय ऐनवेळी काढून घेतली. सगळे चकित झाले. मनीषने मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, "ते काही येत नाही, वाट पाहू नका."

गिऱ्हाइकं माझ्याच टेबलावर फोन ठेवून म्हणायची, "करडीवाले भाऊ म्हणतेत का हे अपडेट आत्ता टाकू नका." मी हसून मान डोलवायचो आणि फोनचे स्क्रू जरा जास्तच पिळायचो. जेवताना त्याचे व्हिडिओ लावायचो. एकेक व्हिडिओ तीनतीनदा, कुठे तरी चूक सापडावी म्हणून. माझी बायको रंजिता चिडायची.

"ताटात पाहून जेवा ना. त्या मनीषले पाहून पोट भरते काय तुमचं?"

नोव्हेंबरात एका मंगळवारी दुकान बंद ठेवून मी करडीला गेलो. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिरा येणारा भारी धान अजून शेतात उभा होता. मनीषच्या अंगणात त्याची आई सत्यभामाबाई खाटेवर उन्हात बसली होती. मी तिला ओळखत होतो ते तिच्या खोकल्यावरून. मनीष माझ्याकडे कामाला असताना तिचा फोन आला की आधी खोकला ऐकू यायचा, मग शब्द.

"ये बापू," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता.

"मावशी, खोकला बरा झालेला दिसते."

"कोणता खोकला?"

मला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. पण ती माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

मनीष बाहेर आला. बारीक झाला होता, डोळे आत गेले होते. एवढं नाव झालेला माणूस असा दिसेल असं मला वाटलं नव्हतं, आणि ते पाहून मला थोडं बरं वाटलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सरळच विचारलं, "तुले आधी कसं समजते बे?"

तो काही लपवेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. कोपऱ्यात तडा गेलेला जुना फोन. त्या मॉडेलला कंपनीने अपडेट देणं कधीच बंद केलं होतं, हे मी स्वतः व्हिडिओत सांगितलं होतं.

"यालेच येते," तो म्हणाला.

"कोण पाठवते?"

"मालूम नाही. एक दिवस अपडेटची सूचना आली, 'आता का नंतर?' मी 'आता' दाबलो."

पडद्यावर सगळ्या कंपन्यांच्या येणाऱ्या अपडेटची यादी होती. अशा याद्या मी शेकड्यांनी वाचल्या आहेत. त्यांची मराठी ठरलेली, 'कार्यप्रदर्शन सुधारले आहे' अशी, कोणाच्याच घरात न बोलली जाणारी. इथे मात्र लिहिलं होतं, 'बॅटरी आता जास्त वेळ पुरन. अंधारातबी फोटो साफ येईन.' करडीच्या पारावर बसलेल्या कोणी तरी लिहावं तसं. कोणतीही कंपनी आमच्या झाडीबोलीत यादी पाठवत नाही.

'काय नवीन आहे' याखालच्या ओळी मी वाचल्या. त्याच्या खाली 'काय काय दुरुस्त केलं' असं होतं. तिथे मनीषने अंगठा ठेवला.

"खालचं वाचाचं नाही. वरचं वाचाचं."

"काहून?"

तो आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चार्जिंग बरोबर होत नाही याची. घेऊन जातं काय, भाऊ? पाहून ठेव."

मी काही तरी निमित्त काढून फोन मागणारच होतो. त्याने तो आपणहून दिला. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मला फोन हवा होता.

दुकानात येऊन मी त्यातलं सॉफ्टवेअर माझ्या एका जादा फोनमध्ये उतरवलं. दोन फोन वेगळ्या कंपन्यांचे. असं उतरत नाही, फोन मरतो. चाळीस मिनिटांचं काम चार मिनिटांत झालं आणि फोन सुरू झाला. पिन मी तपासली. तिच्यात काहीच दोष नव्हता. दोन दिवसांनी मनीषचा फोन गावच्या एका माणसाजवळ परत पाठवला.

पुढच्या आठवड्यात यादी माझ्या फोनवर आली.

मी ती व्हिडिओत वाचून दाखवली. सगळं खरं निघालं. पुढचीही खरी निघाली. गिऱ्हाइकं आता माझंच नाव घेऊ लागली. मनीषचे अंदाज चुकले, लोकांनी त्याला नावं ठेवली, मग त्याने व्हिडिओ टाकणंच सोडलं. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मी घरी पेढे नेले. कशाचे, ते रंजिताला सांगितलं नाही.

खालच्या ओळी मी बघत नव्हतो. एकदाच नजर गेली होती. 'शेजारची ठकठक काढून टाकली.' व्हिडिओत मागचा आवाज गाळायची सोय असेल, असं समजलो.

माझ्या शेजारी टिकारामचं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. जुन्या गुंडींचे, म्हणजे पाण्याच्या घागरींचे, पोचे तो ठोकून काढतो. त्या दिवशी आवाज नव्हता. तो हातोडी मांडीवर घेऊन बसला होता, समोर पोचा पडलेली गुंडी.

"काम नाही काय आज?"

"आहे ना," तो म्हणाला आणि गुंडीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच बसला होता.

घरी शांतता वाढली. मी फोन बघत जेवलो तरी रंजिता काही बोलत नसे. ताट वाढायची, उचलायची. भांडण मिटलं याचं मला बरंच वाटलं.

आमची मुलगी तृप्ती पाच वर्षांची. मनाविरुद्ध झालं की गल्ली गोळा करायची. रविवारी मी घरीच व्हिडिओ करतो. तिच्या रडण्याने दोन व्हिडिओ वाया गेले होते आणि मी तिच्यावर ओरडलो होतो. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती दाराच्या पायरीवरून पडली. मला फक्त धप्प असा आवाज आला. वळून पाहिलं तर ती माझ्यासमोर उभी होती. हनुवटी फुटली होती, फ्रॉकचा पुढचा भाग रक्ताने भिजला होता.

"बाबा, हे पाहा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तीन टाके घातले. "लय हिंमतवाली पोरगी आहे," ते म्हणाले. "मोठी माणसं बोंबलतात इथं."

सुई आत जाताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिचं तोंड एकदा उघडलं. रडायला उघडतं तसं, पूर्ण. थोडा वेळ तसंच राहिलं. मग आत काही न सापडल्यासारखं मिटलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी फोन काढला.

शेजारची ठकठक काढून टाकली.

रंजिताची कटकट काढून टाकली.

पोरीचं रडणं काढून टाकलं.

तृप्तीला घरी सोडून मी तसाच करडीला गेलो. गाडी बंद केली तेव्हा पहिला आवाज आला तो खोकल्याचा. सत्यभामाबाई खाटेवर वाकून खोकत होती, छाती फुटेल असं. मनीष तिची पाठ चोळत होता. मी आजवर त्याच्या नावावर जळलो, त्याच्या गर्दीवर जळलो. पण त्या खोकल्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कशाचाच वाटला नव्हता.

"हे परत कसं येते?" मी विचारलं.

"तू घेऊन गेला, मंग आलं."

"म्हणजे मी कोणाले तरी देऊ?"

"देता येत नाही भाऊ. घेणाऱ्याले आपल्या मनानं यावं लागते." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तू येशीन हे मले मालूम होतं."

"कसं?"

"तुया दुकानात दोन वर्षं बसलो ना मी. तुये व्हिडिओ पाहून पाहून असाच जळत होतो. तेव्हाच ते पहिली सूचना आली."

मी भंडाऱ्याला परतलो. फोन उघडला, बोर्ड काढला, गरम हवेने त्यावरचे भाग उतरवले. टिकारामकडून हातोडी आणून उरलेलं चेचलं. त्याने हातोडी दिली. एवढं ठोकूनही त्याने मान वर केली नाही.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. रंजिता तांदूळ निवडत होती. तृप्ती शेजारी हनुवटीला पट्टी लावून शांत बसली होती.

"टाके घालताना रडली नाही पोरगी," मी म्हणालो.

"ते कधी रडली जी?"

"झाली तेव्हा नाही काय? नर्स म्हणे, सारा वॉर्ड जागा केला."

रंजिताने मान वर केली. तिचा चेहरा साधा, खराखुरा गोंधळलेला होता. "नाही जी. आपली तृप्ती जन्मापासून शांतच आहे. तुम्ही कोणाचं सांगून राहिले?"

खाटेवर तिचा फोन उजळला. तो मीच तिला घेऊन दिला होता, त्यात मी कधी काही उतरवलं नव्हतं. मी तो उचलला.

'काय नवीन आहे', खाली काही नाही.

'काय काय दुरुस्त केलं', खाली काही नाही.

त्याखाली तिसरं शीर्षक होतं. ते मी आधी पाहिलं नव्हतं. 'काय राह्यलं.' त्याच्याखाली एकच ओळ.

'पोरगी रडत होती, हे बापाले अजून याद आहे. पुढच्या बारीले काढू.'