नसलेली खुर्ची

काम साधं होतं. दुपारी तीनला रुग्णालयातला बंद पडलेला वॉर्ड एकदा बघून यायचा आणि चार ओळींचा खुलासा लिहायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या वॉर्डात एक रुग्ण दगावला. ड्यूटीवरची नर्स झोपली होती, अशी बातमी मी दिली. ‘वेताच्या खुर्चीत, निळी शाल पांघरून, एक चप्पल उलटी पडलेली...’ वाचणाऱ्याला वाटावं, हा गडी दारातच उभा होता. मी तिथे गेलोच नव्हतो. बाहेरच्या टपरीवर एक कंपाउंडर काहीबाही बोलला, बाकीचं मी घरी बसून रचलं. मला पुरस्कार मिळाला. तिची नोकरी गेली. पुढे ती खंगून मेली.

आता तिची आई चर्चच्या वृद्धाश्रमात शेवटच्या घटका मोजत होती. तिने मला बोलावून घेतलं. मी खुलाशाचा मसुदा वाचून दाखवला : ‘चुकीच्या माहितीमुळे अनवधानाने...’

“माहिती आपल्या पायांनी चालत आली होती का रे?” म्हातारी म्हणाली.

“आजी, संपादकांची घाई होती. तो कंपाउंडरसुद्धा...”

“आदामानेही बायकोकडेच बोट दाखवलं होतं. तुझा बाप्तिस्मा झालाय ना? प्रभूने आपल्या पापांसाठी जीव दिला, बाबा. पण ‘मी केलं’ म्हणायचं काम त्याने आपल्याकडेच ठेवलंय. तेवढं छाप. ते ऐकूनच डोळे मिटेन. आणि माझी पोर कुठे उभी असायची, ते एकदा बघून ये.”

म्हणून वॉर्डात आलो. रखवालदार जुना होता. तो कुलूप काढत असताना मी विचारलं, “नर्सबाईंची खुर्ची कुठे असायची?”

तो हसला. “खुर्ची? मेट्रनबाई ठेवू देतील तर ना! बसलं की डोळा लागतो म्हणायच्या. बिचाऱ्या रात्रभर उभ्या. पेपरात कोण्या दीडशहाण्याने खुर्ची लिहिली, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण चौकशीवाल्यांनी खुर्ची बघायलाही मागितली नाही. छापून आलंय म्हणाले, आणि तिला काढलं.”

दार करकरलं. फिनेलचा जुना वास आला. खाटा कधीच नेलेल्या; भिंतीवर उरले होते ते रुग्णांच्या डोक्यांचे तेलकट डाग, ओळीने. खिडक्यांना फळ्या ठोकल्यामुळे भर दुपारी आत तिन्हीसांज होती. पार टोकाला, जिथे फरशी पायांनी झिजून खोलगट झाली होती, तिथे काहीतरी होतं.

वेताची खुर्ची. पाठीवर निळी शाल. खाली दोन चपला, एक उलटी.

रखवालदाराचा आवाज बसला. “साहेब... सकाळी झाडलंय मी इथे... हे नव्हतं...”

वेत कुरकुरला, कोणी उठून उभं राहताना कुरकुरतो तसा. शाल हळूच घसरून खाली पडली. मी बैठकीला हात लावला. उबदार होती.

“मी पाहिलं नव्हतं...” माझ्या तोंडून निघालं. “मी रचलं. मी... केलं.”

ऑफिसात येऊन सात ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीत ‘मी’. खाली नाव. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या संपादकाने त्या वाचल्या. “सर, हुतात्मा व्हायचंय का? तुमचं सन्मानचिन्ह खालच्या मजल्यावर भिंतीवर लावलंय, ते उतरवायला शिडी मागवू?” सगळे हसले. मीही हसलो. आयुष्यभर मी मंत्र्यांना जाब विचारत आलो, आणि त्या सात ओळी, नावासकट, मीच माझ्या बोटाने कॉम्प्युटरवरून पुसल्या. कोणीही बळजबरी केली नाही. सकाळी पाचव्या पानावर आलं : ‘अनवधानाने’.

अंक घेऊन आश्रमात गेलो, तर सेविका खाटेवरची चादर काढत होती.

“आजी पहाटे गेल्या. अगदी शांतपणे. काल संध्याकाळी तुमचं ते लिहिलेलं वाचून दाखवलं ना त्या बाईंनी.”

“कोणत्या बाई? काय वाचलं?”

तिने आठवून आठवून सांगितलं. सातही ओळी. माझेच शब्द.

“आजींनी विचारलं, ‘खाली नाव कोणाचं गं?’ तर त्या म्हणाल्या, ‘कोरंच आहे, त्याने पुसलं. ते मी त्याच्या घरी जाऊन घेऊन येते...’”

चादर घडी करता करता ती थांबली.

“पोचल्या का हो त्या?”