शिवगंगाताईचा टाक

सवतीला गळ्यात घालून तुम्ही कधी प्रवास केलाय का हो? मी केलाय. नवऱ्याची पहिली बायको वारली, की दुसरीनं तिच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीचा छोटासा पत्रा, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायचा आणि नव्या चुलीवरचा पहिला घास तिच्यापुढं ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. मला तो टाक कधी जड झाला नाही. शिवगंगाताईच्या साड्या, फोटो, सगळं ह्यांनी वर्षाच्या आत घराबाहेर काढलं होतं. त्यांच्या लेकीला, ऋतुजाला, आईचं म्हणून एवढंच उरलं होतं. ती मोठी झाली की तिच्या हाती द्यायचा, म्हणून मी तो जपत होते.

फाल्गुनात ह्यांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि गॅसचा ओटा बसवून घेतला. नायगावहून आम्ही तिघं किनवटच्या डोंगराकडं निघालो. इस्लापूर मागं पडलं, तसा दोन्ही बाजूंना पळस नुसता लालभडक.

"आईला हेच बघायचं होतं," काचेला नाक लावून ऋतुजा म्हणाली. "बाबा म्हणायचे, पुढच्या साली जाऊ."

ह्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.

दिवस मावळताना घाटातल्या एका सपाटीवर गाडी लावली. मी गॅस पेटवला, शिरा केला आणि पहिला घास पानावर वाढला.

"हे काय करून राहिलीस?"

"नवी चूल हाय. ताईचा मान..."

"ही गाडी हाय, घर न्हाई! हितं बी तिलाच घेऊन फिरू का?"

त्यांनी माझ्या गळ्यातला दोरा हिसकला. तो तटकन तुटला. टाक उघड्या दारातून दरीत गेला, पळसाच्या गर्दीत एकदा चमकला, बस्स. मग पानावरचा शिरा त्यांनीच खाल्ला.

"लई गोड झालाय," म्हणाले आणि हसले.

ऋतुजा रडली नाही. नुसती दाराकडं बघत बसली.

अंधार पडला, आणि बाहेरचे रातकिडे एकदम थांबले. माक्याच्या तेलाचा वास आला. आम्हा तिघांत ते तेल कुणी लावत नाही. मग पायरीवर कुणी पाय द्यावा तशी गाडी दाराच्या अंगाला कलली. बांगड्या वाजल्या... हळूच.

"कोन हाय?" ह्यांनी विचारलं.



"मावशी, सरका थोडं," ऋतुजा माझ्या कानाशी कुजबुजली. "तिला बसू द्या..."

मी सरकले. माझ्या शेजारची गादी दबली. थंडगार.

"अहो... गाडी काढा. घरी चला."

ते उठले नाहीत. दोन्ही हातांनी गळा चाचपत होते. "घास अडकलाय गं... खाली उतरंना..."

सकाळी टाक ह्यांच्या गळ्यात होता. दोरा इतका घट्ट, की आत बोट जाईना; श्वास तेवढा घरघरत चालला होता. मी गाठ शोधली. गाठ कुठंच नव्हती. कात्री घेऊन आले, तर ऋतुजानं माझा हात धरला.

"राहू द्या, मावशी. आई म्हणाली, पुढच्या साली काढू."

मी कात्री जागेवर ठेवली.