काळ्या दोऱ्याचं बटण

सकाळी नऊ वाजता ती खिडकीशी बसायची, चष्मा पदरानं नव्हे, खास ठेवलेल्या फडक्यानं पुसायची, जपमाळेतले दहा मणी ओढायची आणि मग कात्री हातात घ्यायची. सव्वीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता. चर्चच्या मागच्या खोलीत बसून ती आपल्या बहिणीचा फ्रॉक कापत होती.

बहीण म्हणजे धाकटी. चुन्याच्या भट्टीमागच्या भिंतीवर जिला मारियामातेचं दर्शन झालं, जी एकोणिसाव्या वर्षी फुप्फुसांच्या आजारानं गेली आणि जिला आता सगळे संत म्हणतात, ती. फ्रॉक तपकिरी चौकड्यांचा, जाड सुताचा. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा, चिमट्यानं उचलायचा आणि टेबलाच्या पलीकडे सरकवायचा. पलीकडे बसलेली सिस्टर तो डिंकाच्या ठिपक्यावर दाबायची. कार्डावर धाकटीचं चित्र, चित्राखाली प्रार्थना, प्रार्थनेखाली तो तुकडा. मोठे तुकडे काचेच्या झाकणाच्या डब्यांतून दूरच्या प्रार्थनास्थळांना जायचे. धाकटीच्या नावाची अशी अकरा स्थळं झाली होती.

हिला सगळे मोठी म्हणायचे. सिस्टर ‘मोठी मावशी’ म्हणायची. धाकटी नसती तर आपण कोणापेक्षा मोठ्या ठरलो असतो, हा प्रश्न तिला अधूनमधून पडे, आणि ती तो गिळून टाकी.

त्या दिवशी धाकटीचा हात तिच्याच हातात होता. दोघी वडिलांचा डबा घेऊन भट्टीवर चालल्या होत्या. धाकटी मध्येच थांबली आणि गुडघ्यांवर बसली. मोठीला भिंत दिसली. भिंतीवर चुन्याचे ओघळ, आणि एक पाल. चौकशीला आलेल्या पाद्र्यांना तिनं तिन्ही वेळा तेच सांगितलं. कागदावर तसंच लिहिलं गेलं: थोरल्या बहिणीला काही दिसलं नाही. चर्चच्या रंगीत काचेत अजूनही ती आहे, अगदी कोपऱ्यात, हातात डबा, तोंड उघडं.

“माशी शिरेल तोंडात,” लोक काचेकडे बघायला लागले की ती स्वतःच म्हणायची. दुसऱ्यानं म्हणायच्या आत.

हा एक विनोद सोडला तर तिच्याकडे स्वतःचं असं एकच होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. तो फ्रॉक तिचा होता.

धाकटी गेल्यावर डॉक्टरांनी तिचे कपडे, अंथरूण, उशी, सगळं जाळायला लावलं. पुढं काही वर्षांनी चर्चची माणसं दारात उभी राहिली. दर्शनाच्या दिवशी अंगावर होता तो फ्रॉक हवा होता. आई आत गेली, पेटी उघडली आणि मोठीचा लहानपणचा फ्रॉक घेऊन बाहेर आली. छातीवरचं दुसरं बटण मोठीनं स्वतः शिवलेलं होतं, काळ्या दोऱ्यानं, कारण घरातला तपकिरी दोरा संपला होता.

“दोघी माझ्याच पोटच्या,” माणसं गेल्यावर आई म्हणाली. “कापडाला काय कळतंय कोण कोणती ते?”

मोठी बोलली नाही. थोडी आईच्या भीतीनं. आणि थोडी या विचारानं, की आपल्या कशाला तरी लोक हात जोडतील. ही दुसरी गोष्ट तिनं पाद्र्यापुढच्या कबुलीतही कधी उच्चारली नव्हती.

सुरुवात डाव्या कोपरापासून झाली. रोज अकराच्या सुमाराला तिथं गार, ओलसर काहीतरी टेकायचं आणि निघून जायचं. असं दहा-बारा वेळा. वाताचं दुखणं असेल म्हणून तिनं मलम चोळलं, लोकरी बाही घातली. बाहीच्या आतही ते टेकलं. मग संध्याकाळी पाचला गुडघ्याखाली ऊब यायला लागली, जवळ तोंड आणून कोणी श्वास सोडावा तशी, आणि त्या श्वासाला औषधांचा वास होता. उजव्या कमरेशी लहान बोटं टोचायची. एक ना दोन, कितीतरी.

ती घाबरट नव्हती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती पंधरवडाभर वेळा टिपत राहिली. मग एका सकाळी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“सिस्टर, त्या बंदरावरच्या चर्चमधे आपली डबी केव्हा उघडतात गं?”

“अकराला. बोटीवर जाणारे मुका घेऊन जातात.”

“आणि हॉस्पिटलात?”

“पाचला. तिथल्या सिस्टर वॉर्डावॉर्डातून फिरवतात. का हो मावशी? आता म्हातारपणी हिशेब तपासायला बसलात की काय?”

बंदराला डावी बाही गेली होती. हॉस्पिटलाला खालचा घेर. अनाथाश्रमाला उजवा खिसा. तिनंच कापले होते, तिलाच ठाऊक होतं.

“काही नाही,” मोठी म्हणाली. “कोण आपल्याला आठवतं तेवढं बघत होते.”

“आपल्याला नाही, संतबाईंना,” सिस्टर हसून म्हणाली आणि पुढचं कार्ड ओढलं.

त्यानंतर शब्द ऐकू यायला लागले. कानात नव्हे. ज्या जागी टेकायचे त्या जागी. कोपरात एक बाई रोज नवऱ्याची बोट परत मागायची. गुडघ्यात एक म्हातारा फक्त ‘पुरे, पुरे’ म्हणायचा. आणि सगळे धाकटीचं नाव घेत. एकालाही मोठीचं नाव माहीत नव्हतं. तिला वाईट वाटलं ते याचं, की या वयातही याचं वाईट वाटावं.

एका मंगळवारी, अकरा वाजून गेल्यावर, कात्री तिच्या हातून पडली. कोपराला चटका बसला होता. बाही वर केली तर रुपयाएवढा फोड टरारून आला होता. सिस्टरनं गार पाणी लावलं आणि चहाची किटली लागली असेल असं ठरवून टाकलं. खोलीत किटली नव्हती. गुरुवारी बंदरावरून पत्र आलं: मेणबत्ती कलंडून डबीची काच तडकली, परंतु संतबाईंच्या कृपेनं कापड केवळ कडेला करपलं.

सिस्टरनं पत्र मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर ती मोठीच्या कोपराकडे बघत राहिली. मग पत्र घडी करून फायलीत लावलं आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त कार्डं चिकटवली.

फ्रॉक संपत आला होता. उरला होता फक्त छातीचा भाग, तळहाताएवढा, बटणासकट. समोर, अंगणापलीकडे, भट्टीच्या जागेवर धाकटीचं मुख्य मंदिर उभं राहिलं होतं. हा शेवटचा तुकडा शिशाच्या पेटीत घालून तिथल्या वेदीत ठेवायचा, वर दगड बसवायचा आणि सांधे चुन्यानं बंद करायचे असं ठरलं. कायमचे. बिशपांना तो अखंड हवा होता. दगड शनिवारी दुपारी बाराला बसणार होता.

मोठीनं शुक्रवारी जेवण केलं नाही. शनिवारी सकाळी सातलाच तिनं फादरांचं दार वाजवलं.

फादर तरुण होते, दमलेले होते, आणि मनानं वाईट नव्हते. तिचं पहिलं वाक्य ऐकताच त्यांनी हात वर केला. “थांबा मावशी.” खुंटीवरची जांभळी पट्टी काढून त्यांनी गळ्यात घातली, कबुली ऐकताना घालतात ती. “हं. आता बोला.”

ती बोलली. आई, पेटी, काळा दोरा. कोपर, गुडघा, फोड. “तो तुकडा छातीवरचा आहे, फादर. तो दगडाखाली घालू नका. बारीक कापून वाटून टाकते मी, आज बसून संपवते. पण कोंडू नका.”

“जी माणसं बरी झाली त्यांना काय सांगू मी?” फादर म्हणाले. “म्हातारीचा फ्रॉक होता म्हणून?”

“तेव्हा मी म्हातारी नव्हते.”

“चाळीस वर्षं गप्प बसलात. अजून एक दिवस बसला असतात तर.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “हे तुम्ही कबुलीत सांगितलंत मावशी. आता ते माझ्यापाशी. मला कोणापुढं त्याचा शब्दही काढता येत नाही, पेटी थांबवताही येत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

पट्टी त्यांनी कधी गळ्यात घातली ते तिला आता आठवलं.

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी तिला पूर्ण जपमाळ दिली.

साडेअकराला मंदिराचं दार उघडेपर्यंत ती बाहेर थांबली. आत गवंडी एकटाच होता. वेदीच्या खाचेत शिशाची पेटी आधीच ठेवलेली होती, झाकण डाग देऊन बंद. तो शेजारच्या, आधी बसवलेल्या दगडावर थापीच्या दांड्यानं ठोकत होता, तीन वेळा, आणि कान लावून ऐकत होता.

“ही पेटी काढ बाहेर,” मोठी म्हणाली.

“मावशी, मला दगडाचं सांगितलंय. पेटीचं फादरना विचारा.”

“ठोकतोस कशाला?”

“पोकळ वाजला तर परत बसवावा लागतो. पक्का बसला की आवाजच येत नाही.” त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. “बसा ना मावशी. आज तर तुमचाच दिवस आहे. घरचं कार्य.”

ती बसली नाही. पेटीला हात घालायला वाकली तेव्हा गवंड्यानं तिचे खांदे धरले, हळूच, आईला धरावं तसे, आणि तिला अंगणातून मागच्या खोलीत आणून सोडलं. “यांना जरा चहा द्या सिस्टर. उपास दिसतोय.”

सिस्टर चहा आणायला गेली. घड्याळात बाराला पाच कमी होते.

मोठीनं जपमाळ काढली. धाकटीचा शेवटचा दिवस तिला आठवला. धाकटीनं पाद्र्यांना एक गोष्ट कधीच सांगितली नव्हती, ‘संतबाईंचं गुपित’ म्हणून त्यावर प्रवचनं होत. मरायच्या सकाळी तिनं मोठीचा हात धरला होता, भट्टीवर धरला होता तसाच. “ताई,” ती म्हणाली होती, “त्या बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या गं.” मोठीला तेव्हा ते तापातलं बरळणं वाटलं. पुढं ते आठवणंही तिनं बंद केलं.

बाराचे टोल पडले.

छातीवर ओझं आलं. सावकाश, एका कडेकडून दुसरीकडे, सरकवत आणावं तसं.

खिडकीतलं ऊन गेलं. खिडकी होती, ऊन नव्हतं. मग खिडकीही नव्हती.

ओल्या चुन्याचा वास आला. भट्टीवरचा, लहानपणचा. डोळ्यांच्या कडांशी काहीतरी गार भरत गेलं, बोटानं दाबून, पुसून, पुन्हा दाबून.

टक्. टक्. टक्.

बरगडीच्या मधोमध, बटणाच्या जागी. आवाज येत नव्हता. नुसतं लागत होतं.

“पक्का बसला,” वरून कोणीतरी म्हणालं.

तिनं ओरडायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

आणि मग अंधारात तिला भिंत दिसली. चुन्याचे ओघळ दिसले. पाल होती तिथंच होती. आणि पालीच्या शेजारी, इतकी वर्षं, कोणीतरी उभं होतं. धाकटीकडे न बघता.

“मावशी, चहा,” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज फार लांबून आला. कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ कसलाच नाही.

सिस्टरनं मोठीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. डोळे उघडे होते, आणि पापण्यांच्या केसांवर पांढरी बारीक भुकटी बसली होती. सिस्टरनं भुकटी दोन बोटांत चोळून पाहिली. हाक मारली नाही. कोणाला बोलावलंही नाही.

तिनं कमरेचा रुमाल काढला आणि मोठीचा चेहरा पुसला, अगदी हलक्या हातानं, डोळे, गाल, उघडं तोंड. मग रुमाल झटकला नाही. चार घड्या घातल्या, कडा जुळवल्या, आणि कोऱ्या कार्डांच्या ड्रॉवरमधे, कात्रीशेजारी ठेवला.

ड्रॉवर बंद झाला. तो मोठीला आतून ऐकू आला.