रणजितची हवा पुरत नाही

रणजितला मी निवडलं नव्हतं. विश्रांतवाडीच्या पोहण्याच्या तलावावर स्कूबाच्या क्लासच्या पहिल्या दिवशी तनुजा मॅडम म्हणाल्या, "शेजारी जो उभा असेल, तो तुमचा बडी," आणि माझ्या शेजारी हा उभा होता.

"अहो, मास्क उलटा घातलाय तुम्ही."

"हो का? मला वाटलं तुमचाच उलटा आहे," तो म्हणाला आणि हसला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बडी म्हणजे पाण्याखालचा जोडीदार. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं आणि ज्याची हवा आधी कमी होईल, त्याच्यासाठी दोघांनीही वर यायचं. मला हा नियम भलताच गोड वाटला. एरवी मी कुणासाठी नारायण पेठेतल्या आमच्या जिन्यातही थांबत नाही.

रणजित हिंजवडीचा. घरच्या शेतावर आयटी पार्क उभा राहिला आणि हा तिथेच नोकरीला लागला. पोहायला शिकला तो विहिरीत, म्हणजे पाण्याची भीती असायचं कारण नव्हतं. तरी सिलिंडर लावून खाली गेलो की याच्या हवेचा काटा भराभर घसरायचा. माझी निम्मी हवा शिल्लक असताना हा आपला वर चलायची खूण करायचा.

"विहीरच बरी होती का?" मी वर येऊन विचारायचे. तो खाली बघत केस झटकायचा... आणि मला उगाच वाईट वाटायचं.

डिसेंबरात मालवणच्या प्रवाळांजवळ आमची पहिली खरी डाइव्ह होणार होती. तिचा आराखडा मॅडमनी माझ्याकडे दिला. भरती-ओहोटी, वारा, पाणी कितपत नितळ असेल, सगळं मी बघितलं. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर तोच आपल्याला बोटीकडे आणून सोडतो. सगळं जमत होतं, फक्त रणजितची हवा सोडून. प्रवाहाविरुद्ध पाय मारताना ती आणखी लवकर संपली असती. मॅडमना सांगावं तर माझा बडी बदलणार. न सांगावं तर याच्या जिवाशी खेळ. कळत असूनही मी गप्प बसले, कारण तो मला आवडायला लागला होता.

त्यातच मला सर्दी झाली. नाक चोंदलेलं असताना खाली गेलं तर कानांची वाट लागते, म्हणून मी काठावर बसले आणि रणजित क्लासमधल्या चेतनबरोबर उतरला. चेतन वर आला तो कुरकुरतच. "याची हवा संपतच नाही राव! माझीच आधी संपली."

मी टॉवेल हातात धरून तशीच बसून राहिले. म्हणजे याला भीती वाटत होती ती माझी?

क्लास सुटल्यावर समोरच्या अमृततुल्यात चहा येईपर्यंतही मला धीर निघेना.

"चेतनबरोबर तुझी हवा पुरते. मग माझ्याबरोबर का नाही? मी पाण्यात चावते का?"

"न्हाय... तसं न्हाय." गडबडला की त्याच्या तोंडी गावची भाषा यायची.

"मग कसं?"

"तू सारखी जवळ येऊन बघतेस ना — बरा आहेस ना, अशी हाताने खूण करून. मास्कमधून तुझे डोळे एवढे मोठे दिसतात..." त्याने टेबलाची कड बोटाने पुसली. "खूण केलीस की माझा श्वास जोरात चालू होतो. आणि तू दर मिनिटाला करतेस."

"याचा अर्थ काय, रणजित?"

"आवडतेस तू मला. आता हस."

मला हसू आलंच नाही. इतका आनंद झाला की मी तेवढ्यात आलेल्या चहाचा घोट घ्यायचा म्हणून घेतला आणि जीभ पोळून घेतली.

"मी आत्ताच तनुजा मॅडमना सांगणार आहे," मी म्हटलं. "मालवणला तू त्यांच्याबरोबर उतरायचंस."

त्याचा चेहरा पडला. "बडी बदलणार? मी खरं बोललो म्हणून?"

"तिथे प्रवाह आहे. तलाव नाही तो. मला तुला धडधाकट वर आलेलं बघायचंय." त्याचा हात टेबलावर होता. मी त्यावर माझा ठेवला. "पाण्याखाली त्यांच्याबरोबर राहा. वर आलास की माझ्याबरोबर."

"वर किती वेळ?"

"वर हवा मोजायची नसते," मी म्हटलं आणि हात तसाच ठेवला.