डाव्या हाताची कळ

दिग्विजय पोवारने सहवेदक अंगात चढवला आणि समोर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या वैजयंताताईंच्या दंडातली कळ त्याच्या दंडात आली. कोल्हापुरातल्या जिमवाल्यांना दिव्यांगांचे व्यायाम शिकवणाऱ्या त्या केंद्रात शिकाऊ दिग्विजयला हे रोजचंच झालं होतं. जाकिटासारखा हा पोशाख दुसऱ्याच्या स्नायूंतला ताण जसाच्या तसा आपल्या अंगात उतरवायचा. समोरच्याचं दुखणं कळायला आता त्याला विचारायचीही गरज उरली नव्हती, एवढी प्रगती!

ताईंचे पाय पोलिओने लहानपणीच नेले होते आणि उजवा हातही अधू केला होता. पलंगावरून खुर्चीत त्या डाव्या हाताच्या जोरावर यायच्या. त्या एका हातावर त्या आपल्या घरात, आपल्या मर्जीने, एकट्या राहत होत्या. हल्ली तोही कुरकुरायला लागला, म्हणून महिन्यापासून त्या इथे येत होत्या.

"लई भारी, ताई! अजून एक!"

ताईंनी डाव्या हाताने रबरी पट्टा पुन्हा ओढला. "भाजल्यागत होतंय रे."

"मला बी होतंय की! दुखतंय म्हंजे बनतंय. अजून एक."

तो खोटं बोलत नव्हता. मिसरूड फुटल्यापासून ही आग त्याच्या ओळखीची होती. तिच्यातूनच त्याचे दंड भरले होते, आणि तिच्यावर त्याचा देवाइतका विश्वास होता. ताईंनी दात आवळले.

मग त्याच्या दंडातली आग एकदम विझली. "बघा, गेलं दुखणं!" तो हसला. पण पट्टा ताईंच्या बोटांतून सुटून जमिनीवर पडला होता.

केंद्राच्या मुजावर मॅडम धावत आल्या. त्यांनी ताईंचा हात उचलून धरला, सोडला. तो तसाच मांडीवर पडला.

"पोलिओतून वाचलेल्या मोजक्या चेतातंतूंनी इतकी वर्षं सगळा भार ओढलाय," त्या म्हणाल्या. "जास्त ताण दिला की ते जळतात, दिग्विजय. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मी."

"येईल न्हवं परत?"

मॅडमनी जमिनीवरचा पट्टा उचलला आणि गुंडाळून ठेवला.

"माझी कळ तुझ्या अंगात होती, म्हणून तर मी गप बसले," ताई म्हणाल्या. "वाटलं, ह्याला सगळं कळतंय." आणि त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

रडण्याची कळ काही सहवेदकातून येत नाही. तरी ती दिग्विजयला लागली, आणि त्याला तोंड वर करवेना.

"उद्या सकाळी मला पलंगावरनं कोण उठवणार रे, बाळा?"